सतरा चुकांचा अर्ज

...तर बाईंनी तो कागद आधी सुलटा वाचला, मग मागे काही लिहिलंय का म्हणून उलटा केला, पुन्हा सुलटा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "काका, इथं वर 'आजवरची ठळक कामगिरी' असं छापलंय. त्याच्याखाली तुम्ही सतरा चुका लिहिल्यात. का हो?"

काल गोष्ट इथवर आली आणि नेमकी जेवणाची हाक पडली. काका बिचारे तेव्हापासून त्या खुर्चीत अवघडून बसलेत. त्यांना उठवायचं आहेच. पण काल जे नव्हते त्यांच्यासाठी चार पावलं मागून निघालेलं बरं. जे होते त्यांनी तोवर पाणी पिऊन यावं.

हे काका लिफ्ट दुरुस्त करतात. वय बावन्न. त्यांना सगळे बॅटरीकाका म्हणतात, कारण भर दुपारी, लख्ख उन्हातसुद्धा त्यांच्या वरच्या खिशात एक बोटभर लांबीची बॅटरी असते आणि बोलता बोलता ती ते कशावरही मारतात. भाजी घेताना वांग्यावर, पेपर वाचताना बातमीवर. एकदा डॉक्टरांनी "आ करा" म्हटलं, तर यांनी स्वतःच बॅटरी काढून स्वतःच्याच घशात मारली. डॉक्टर म्हणाले, "आता तपासूनही तुम्हीच घ्या."

शिक्षण दहावी. पण हाताला डोळे होते. सव्वीस वर्षांपूर्वी एका इमारतीखाली घोळका दिसला म्हणून ते बघायला थांबले. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलेली, आत दोन माणसं, आणि बाहेर घामाघूम झालेला एक जाडजूड गृहस्थ. त्या गृहस्थांना वरच्या खोलीत चाक फिरवायला एक माणूस हवा होता. काका म्हणाले, "मी येतो." दोघांनी मिळून ब्रेक सोडत, चाक बोट बोट फिरवत लिफ्ट मजल्याला आणली. आतली माणसं बाहेर पडली. गृहस्थांनी काकांकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "हं. उद्या आठला ये."

झाली नोकरी. अर्ज नाही, मुलाखत नाही, सही नाही. ते गृहस्थ म्हणजेच मालक. पुढची सव्वीस वर्षं काका रोज आठला जात राहिले.

मालकांचं दुकान लहान. सात माणसं, अडतीस इमारती. पण शिस्त मोठी. प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या मशिनची खोली असते, तिथं खिळ्याला दोरीनं बांधलेली एक वही. काम झालं की नोंद करायची. यात नवल नाही, नोंद सगळेच करतात. मालकांचा नियम मात्र वेगळा होता. काम काय केलं ते एका ओळीत. आणि चुकलं काय, ते सगळं, न लाजता, खाली स्वतःचं नाव घालून. मालक म्हणायचे, "काम काय केलंस ते लिफ्टच सांगते. तू काय घोळ घातलास ते ती सांगत नाही. उद्या दुसरा कुणी त्या फिरत्या दोराशेजारी उभा राहणार आहे. त्याला कोण सांगणार, मी?"

नव्या माणसाला पहिल्यांदा चूक लिहिताना घाम फुटायचा. पण वहीत लिहिलेल्या चुकीबद्दल मालक कधी एक शब्द बोलत नसत. न लिहिलेली सापडली, तर मात्र तीन मजले ऐकू जाईल असा तोफखाना. त्यामुळे त्या सात जणांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती: कामाबद्दल लिही म्हटलं की चुका लिहायच्या. शाळेत जशी पाटीवर आधी तारीख, तसं.

आता लोकांना वाटतं, लिफ्टवाल्याला जिना माहीतच नसेल. उलट आहे. लिफ्ट बंद असते म्हणून तर त्याला बोलावतात! दिवसाकाठी चाळीस-पन्नास मजले पायांनीच चढायचे. मालकांचे गुडघे त्यातच गेले. एके सकाळी सातही जणांना समोर बसवून ते म्हणाले, "तीन महिन्यांनी दुकान बंद. इमारती दुसऱ्या कंपन्यांकडे सोपवायच्या. आपापलं बघा." एवढंच. आणि चष्मा पुसायला घेतला. तो पुसून होईना, तेव्हा सातही जण उठून बाहेर गेले.

काकांच्या घरी त्या संध्याकाळी बैठक बसली. मुलगा फिरतीवर, त्यामुळे बैठकीला काकू आणि सूनबाई. सूनबाई एका पार्सल कंपनीत होत्या आणि त्यांनी पाच वर्षांत तीन नोकऱ्या बदललेल्या. यावरून काका त्यांना चिडवत असत, "सूनबाई, खुर्ची गरम होईपर्यंत तरी बसत जा." आता मात्र तेच काका वहीपेन घेऊन सुनेसमोर बसले.

सूनबाईंनी बोटं मोजली. "आधी अर्ज, बाबा. मग फोन येईल. मग मुलाखत. मग हातचं काम बघतील. मग तुमच्या जुन्या मालकांना विचारतील. मग पत्र देतील. मग रुजू व्हायची तारीख ठरेल."

काकू म्हणाल्या, "बाई गं! मला यांच्या गळ्यात बांधताना एवढ्या चौकशा कुणी केल्या नव्हत्या."

"केल्या असत्या तर वाचली असतीस," काका म्हणाले.

"नव्या मुलाला विचारतात, काय शिकलास," सूनबाई पुढे सांगू लागल्या. "अनुभवी माणसाला तसं नसतं. काय केलंत, का सोडताय, तुमच्याबद्दल कोण बोलेल, आणि कधी येताय. या चार गोष्टींभोवती सगळं फिरतं."

"माझ्याबद्दल कोण बोलेल?" काकांनी पेन खाली ठेवलं. "मालक तर बोलतच नाहीत."

खरं होतं ते. सव्वीस वर्षांत मालकांची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "हं". कधी दोनदा "हं, हं" म्हणाले, तर त्या दिवशी काका शीळ घालत घरी यायचे.

अर्ज सुरू झाले. सूनबाई कामावरून आल्या की मोबाइलवर भरत. चौदा ठिकाणी भरले. कुठं पदवी निवडल्याशिवाय पुढचं पानच उघडेना. कुठं वय टाकलं की "धन्यवाद" असं यायचं. काका पहिल्यांदा खूश झाले, म्हणाले, "किती शिस्तीचे लोक, आभार मानतात." सूनबाईंना सांगायला जड गेलं की त्या धन्यवादाचा अर्थ 'या आता' असा असतो.

पंधरावी कंपनी मोठी होती. अडीचशे लिफ्ट, त्यात तीन रुग्णालयांच्या. त्यांच्या अर्जाला शेवटी एक कोरं पान होतं, वर 'आजवरची ठळक कामगिरी'. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, हे तुम्ही तुमच्या हातानं लिहा. कामाबद्दल जे महत्त्वाचं असेल ते. मी फोटो काढून जोडते."

काकांनी सुट्टीची अख्खी दुपार लावली. टेबलावर कागद, कागदावर बॅटरीचा उजेड. काकूंना वाटलं, नवरा आज महाकाव्य लिहितोय. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईंना उशीर होत होता. त्यांनी घाईघाईत फोटो काढला, जोडला, पाठवला, चप्पल घातली. वाचला नाही.

वाचला चार दिवसांनी, सहज, फोनमधले फोटो पुसताना. "बाबा!" अशी हाक आली की काका स्वयंपाकघरातून बशी घेऊनच धावत आले.

"बाबा, तुम्ही हे काय लिहिलंत? 'एक: चुकीच्या मापाचा बेल्ट बसवला, दोन दिवस आवाज येत राहिला. दोन: तेल जास्त घातलं, ब्रेक घसरला...' सतरा! नोकरी मागताय की कबुलीजबाब देताय?"

"तूच म्हणालीस, कामाबद्दल महत्त्वाचं लिहा."

"अहो, कामगिरी म्हणजे कौतुकाचं!"

काकांना खरोखरच कळेना. "कौतुकाचं काय लिहू? लिफ्ट वर गेली आणि खाली आली?"

सूनबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं, कारण चूक आपली, वाचायला हवं होतं, हे त्यांना लागलं होतं. काकू मधे पडल्या. "रडतेस कशाला? तो अर्ज गेला समज. सोळावा भर." आणि नवऱ्याकडे वळून, "आणि तुम्ही! घरात एक चूक कबूल केली नाहीत तीस वर्षांत. बाहेर बरं सतरा आठवल्या."

पण तिसऱ्याच दिवशी फोन आला. काकांनी उचलला.

"मी भरती विभागातून बोलतेय. तुमचा अर्ज पाहिला. आत्ता बोलायला वेळ आहे का?"

"वेळ आहे ताई, पण आत्ता नको. मी लिफ्टच्या टपावर उभा आहे. खाली उतरतो, हात धुतो, मग मीच लावतो."

"किती वेळ लागेल?"

"बारा मिनिटं."

बाराव्या मिनिटाला त्यांनी फोन लावला. बाई पुढे कधीतरी हसत सांगत होत्या की त्या आठवड्यात त्यांनी चाळीस जणांना फोन केले. कुणी गाडी चालवत होतं, कुणी शिडीवर होतं, आणि सगळे म्हणाले, "हो हो, बोला ना." थांबा म्हणणारा हा एकच.

मग प्रश्न सुरू झाले. नोकरी का सोडताय? "मी कुठं सोडतोय? मालकांना त्यांचे गुडघे सोडतायत." हाताखाली किती माणसं? "हाताखाली कुणी नाही. बरोबर सहा आहेत." पगाराची अपेक्षा? "आमच्या सूनबाई म्हणतात, हा आकडा आधी तुमच्याकडून यायला हवा." पलीकडून हसू ऐकू आलं. मुलाखतीचा दिवस ठरला.

आणि असे काका त्या खुर्चीत येऊन पोहोचले. काचेची खोली, गुळगुळीत टेबल, समोर भरतीवाल्या बाई, त्यांच्या शेजारी दुरुस्ती खात्याचे साहेब. साहेब पस्तिशीचे, कमी बोलणारे. आणि टेबलावर फोटोवरून छापलेला तो कागद. प्रश्न हवेत लोंबकळलेला: कामगिरीच्या जागी चुका का?

काका म्हणाले, "ताई, आमच्याकडे कामाबद्दल असंच लिहायची पद्धत आहे. सूनबाई रागावली तेव्हा कळलं की जगात वेगळी आहे. कागद परत द्या, दुसरा लिहून देतो."

"थांबा," साहेब पहिल्यांदाच बोलले. "हा नऊ नंबर. जरा सांगा."

नऊ नंबर सांगताना काकांचा आवाज खाली आला. लिफ्टचं प्रत्येक दार नीट बंद झालं, त्याचं कुलूप बसलं, तरच लिफ्ट हलते. पण तपासणी करताना कधी कधी ते कुलूप वगळावं लागतं. त्यासाठी वायरचा एक वीतभर तुकडा जोडतात. काम झालं की तो काढायचाच. राहिला, तर दार उघडं असताना लिफ्ट निघून जाईल, आणि माणूस पाऊल टाकेल ते रिकाम्या विहिरीत.

"तो तुकडा मी विसरलो, साहेब. वही भरली, खोलीला कुलूप लावलं, जिना उतरलो. दुसऱ्या मजल्यावर आलो आणि खिसा हलका लागला. तसाच वर पळालो. अकरा मिनिटं लिफ्ट तशी चालू होती. कुणाला काही झालं नाही."

"कुणी पाहिलं होतं?"

"कुणीही नाही."

"मग लिहिलं कशाला?"

काकांना हा प्रश्न सतरा चुकांपेक्षाही विचित्र वाटला. "दुसऱ्या दिवशी त्या लिफ्टवर आमचा दुसरा माणूस जाणार होता ना. तोही माझ्यासारखाच विसरला असता. त्या दिवसापासून आम्ही सातही जण त्या वायरला लाल नाडी बांधतो, आणि नाडीचं दुसरं टोक आपल्या हत्यारांच्या पिशवीला. वायर सोडून निघालं, की पिशवी मागं खेचते."

साहेबांनी खिशातून पेन काढून काहीतरी टिपून घेतलं. मग बाईंकडे न बघताच म्हणाले, "आपल्याकडे कोण काय विसरतं, ते मला कधी कळतच नाही." काकांनी तो कागद परत मागायचं सोडून दिलं.

पुढची पायरी हातकामाची. कंपनीच्या शेडमध्ये शिकवण्यासाठी ठेवलेली दोन मजल्यांची लिफ्ट होती, तिच्यात मुद्दाम बिघाड करून ठेवलेला. लिफ्ट मजल्यापेक्षा चार बोटं खाली थांबत होती. काकांच्या आधी एक उमेदवार आत गेला, कडक इस्त्रीचा शर्ट, तिशीचा. तो अठरा मिनिटांत बाहेर आला. जाता जाता त्यानं मोकळ्या मनानं सांगितलं, "काका, आत पॅनलचं दार जरा घट्ट आहे, खालून उचला." स्पर्धेतला माणूस, त्याला काय गरज होती? पण सांगितलं. काका आजही त्याचं नाव काढलं की म्हणतात, "त्याचं भलं होवो."

काकांना चाळीस मिनिटं लागली. आधी त्यांनी लिफ्ट नुसती चार वेळा वरखाली पाठवली आणि भिंतीला कान लावून ऐकलं. मग रिले म्हणतात तो विजेचा एक भाग काढला, तो चांगला निघाला, परत बसवला. मग खरी खोट सापडली. लिफ्ट अशी थांबली की मजल्यावरून लिफ्टमध्ये गोटी सोडली तर न अडखळता जाईल. शेवटी कागदावर लिहायचं होतं. काकांचा हात सवयीनं चालला: 'खोट काढली. आधी चुकीचा रिले काढला होता, तो पुन्हा पाहून घ्यावा. त्यात सात मिनिटं गेली.' आणि खाली सही.

घरी येऊन हे सांगितलं, तर सूनबाईंनी यावेळी कपाळाला हात लावला नाही. त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्ही काही बदलू नका. जे होईल ते होईल."

मग आली सगळ्यात अवघड पायरी. कंपनीला दोन माणसं हवी होती जी काकांबद्दल सांगतील. एक नाव दिलं मालकांच्या अडतीस इमारतींत एक रुग्णालय होतं, तिथल्या मोठ्या सिस्टरांचं. त्यांनी फोनवर बाईंना एवढंच सांगितलं, "त्यांच्या लिफ्टमधून माझ्या पेशंटची खाट कधी धक्का खाऊन बाहेर आली नाही. अजून काय हवं?" दुसरं नाव मालकांचं. ते द्यावंच लागलं. मालकांना आताशा कमी ऐकू यायचं, आणि फोनचा तर पहिल्यापासून राग.

बाईंनी विचारलं, "तुमच्याकडचे हे गृहस्थ आमच्याकडे येऊ म्हणतात. माणूस कसा आहे?"

"कोण?"

बाईंनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.

"वह्या वाचा!" मालक गरजले आणि फोन ठेवून दिला.

बाईंना वाटलं, संपलं. जुना मालक चिडलेला दिसतोय. त्यांनी कागदावर 'माहिती मिळाली नाही' असं लिहिलंही. पण दुपारी कंपनीच्या फाटकाशी एक टेम्पो उभा राहिला. चालकानं एक पोतं उतरवलं आणि म्हणाला, "हे भरतीवाल्या बाईंना द्यायचंय." पोत्यात भरून झालेल्या जुन्या वह्या. सव्वीस वर्षांच्या. तेलाचे डाग पडलेल्या, कडा खाल्लेल्या, प्रत्येकीच्या कोपऱ्याला अजून खिळ्याची दोरी. जिथं जिथं काकांचं नाव होतं, तिथलं पान मालकांनी दुमडून ठेवलं होतं.

बाईंना ते सगळं वाचायची काहीच गरज नव्हती. अशा कामात कुणी दोन फोन करतं, टिक मारतं, मोकळं होतं. पण त्यांनी तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत त्या वह्या वाचल्या, शेजारी काकांचा कागद ठेवून. एक, दोन, तीन... प्रत्येक चूक वहीत सापडत गेली. तारखासुद्धा जुळल्या. चौथ्या दिवशी त्यांनी काकांना फोन केला. यावेळी काका जमिनीवर होते.

"काका, तुमच्या मालकांनी तुमची पानं दुमडून पोतंभर वह्या पाठवल्यात, तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत त्याच वाचतेय. एका ठिकाणी हिशोब जुळत नाहीये. चूक नंबर बारा. तुम्ही लिहिलंय, 'घाई केली, दोर सरकला, डाव्या हाताचं बोट चेंगरलं.'"

"हो ताई. ते नख अजून वाकडं आहे."

"वहीतही तुम्ही तसंच लिहिलंय. पण त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात लिहिलंय. वाचू?"

"वाचा."

"'वरची नोंद चुकीची आहे. याला टपावर एकटा चढवला. दुसरा माणूस द्यायला हवा होता. सांगूनही हा थांबला नाही, कारण रुग्णालयात पेशंट खोळंबले होते. चूक याची नव्हे, माझी.' आणि खाली तुमच्या मालकांचं नाव आहे."

काका आपल्या डाव्या हाताच्या वाकड्या नखाकडे बघत राहिले. ती वही त्याच आठवड्यात भरली होती, मालकांनी ती काढून नेऊन नवी टांगली होती. काकांनी ते पान पुन्हा कधी पाहिलंच नव्हतं. चौदा वर्षं ती ओळ मालकांच्या कपाटात पडून होती, आणि त्यांच्या तोंडून काय यायचं, तर "हं".

"काका? आहात ना?"

"आहे, ताई." काका म्हणाले, "पण मालकांना सांगू नका, त्यांचं चुकतंय. घाई मीच केली होती."

"मग मी किती लिहू? तुमच्या सोळा की सतरा?"

"सतरा."

"ते म्हणतात सोळा."

"ताई, सतरा लिहा हो."

"मी साडेसोळा लिहिते," बाई म्हणाल्या. काका हसले, बाई हसल्या, आणि दोघांपैकी एकानं फोन ठेवायच्या आधी नाक पुसलं. कोणी ते सांगता येत नाही, कारण बाई म्हणतात काकांनी आणि काका म्हणतात बाईंनी.

दोन दिवसांनी कळलं: निवड झाली. पत्र तयार आहे, येऊन घेऊन जा. काकूंनी शेजारीपाजारी सांगून टाकलं. सूनबाईंनी सासऱ्यांसाठी नवी बॅटरी आणली. पण पत्रातली तारीख सूनबाईंनी फोनवर विचारून घेतली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. पुढच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं.

मालकांचं दुकान बंद व्हायला अजून पाच आठवडे होते. बाकीचे सहा जण नोकऱ्या मिळतील तसे निघून गेले होते, आणि त्यांचं तरी काय चुकलं? राहिले होते काका आणि मालक. अडतीसपैकी एकवीस इमारती अजून सोपवायच्या होत्या. प्रत्येक ठिकाणी लिफ्ट बंद ठेवून नव्या कंपनीच्या माणसाला जिन्यानं गच्चीवर न्यायचं, मशिन दाखवायचं, वही वाचून दाखवायची.

मालक म्हणाले, "जा. माझं मी बघतो."

काका निघालेही होते. पण त्याच दुपारी एका इमारतीत त्यांना मालक दिसले. दुसऱ्या मजल्यावर कठडा दोन्ही हातांनी धरून उभे, सोपवल्याची सही घ्यायची वही दातांत धरलेली, आणि अजून पाच मजले वर जायचं बाकी. काकांनी वही त्यांच्या दातांतून काढून घेतली आणि वर चढून गेले.

घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं, "पाच आठवडे मागून बघतो. नाही म्हणाले तर नोकरी गेली. बावन्नाव्या वर्षी परत चौदा ठिकाणी धन्यवाद घ्यावे लागतील."

काकू आधी चिडल्या. हातातला घास असा कुणी ठेवतं का, म्हणाल्या. भांडी जरा जोरात वाजली. मग सकाळी त्यांनीच इस्त्रीचा शर्ट आणून समोर ठेवला. "जाऊन सरळ विचारा. काय व्हायचं ते होईल. पण त्या म्हाताऱ्या माणसाला जिने चढायला लावून नव्या नोकरीला गेलात, तर घरी तोंड दाखवू नका."

पुन्हा ती काचेची खोली. बाईंनी पत्र पुढे सरकवलं. काकांनी ते हातात घेतलं नाही, उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. एकवीस इमारती, मालकांचे गुडघे, पाच आठवडे. बाईंचा चेहरा पडला. "काका, तुमच्याबरोबर परीक्षा दिलेले ते दुसरे उमेदवार सोमवारी यायला तयार आहेत. माझ्या हातात नाहीये हे." त्या पत्र घेऊन आतल्या खोलीत गेल्या.

काका खुर्चीच्या कडेवर बसले. खिशातली बॅटरी काढली, परत ठेवली. त्यांना वाटलं, गेलं सगळं. पण एवढ्यात त्यांना एकेक जण आठवायला लागला. रोज कामावरून दमून येऊन अर्ज भरणारी सून. पॅनलचं दार खालून उचला म्हणणारा तो तिशीचा गडी. तीन दिवस जेवण बाजूला ठेवून तेलकट वह्या वाचणाऱ्या या बाई. पोतंभर वह्यांची एकेक पानं दुमडत बसलेले मालक. नोकरी मिळो न मिळो, एवढ्या माणसांनी आपल्यासाठी एवढं केलं, असं मनात येऊन ते त्या रिकाम्या खोलीत एकटेच हसले.

दार उघडलं. साहेब स्वतः आले, मागे बाई. साहेबांच्या हातात पत्र होतं. ते टेबलाशी उभे राहिले, पेन काढलं, छापलेली तारीख खोडली, तिच्यावर पाच आठवड्यांनंतरची तारीख लिहिली आणि शेजारी सही केली. पण पत्र काही दिलं नाही. तसंच हातात धरून त्यांनी काकांकडे पाहिलं.

"एक विचारायचं राहिलं," साहेब म्हणाले. "उद्या तुम्ही आमची कंपनी सोडाल, तेव्हाही असेच सगळं सोपवून होईपर्यंत थांबाल का?"

काका उठून उभे राहिले. पत्राकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि हात पुढे करून म्हणाले, "थांबेन ना साहेब, सव्वीस वर्षांत दुसरं काही मला कुणी शिकवलंच नाही. पण आधी येऊ तर द्या!"